काढलेली गाठ फेकू नका : सीमाभागातील कुत्र्यांच्या कर्करोगाविषयी एक खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, बीदर

आणि

मा. आयुक्त,
पशुपालन व पशुवैद्यकीय सेवा खाते, कर्नाटक शासन, बेंगळुरू

विषय : बेळगाव जिल्हा व सीमाभागातील पाळीव कुत्र्यांच्या कर्करोगाची नोंद आणि संशोधन सुरू करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. पशुवैद्यकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. येथे जे लिहीत आहे ते गेल्या तीन वर्षांतील वाचन, डॉक्टरांना विचारलेले प्रश्न आणि घरचा अनुभव यांतून जमा झालेले आहे. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. बेळगाव जिल्ह्यात आणि लगतच्या सीमाभागात कुत्र्याच्या अंगावरून काढलेली प्रत्येक गाठ तपासली जावी, तिची नोंद एका ठिकाणी राहावी आणि त्या नोंदींच्या आधारावर आपल्या विद्यापीठाने कुत्र्यांच्या कर्करोगाचे संशोधन उभे करावे.

आमच्या मळ्यावर सोनी नावाची कुत्री होती. ती जातिवंत नव्हती. नंदगडच्या बाजारातून परत येताना माझ्या यजमानांच्या सायकलमागे ती पिल्लू असताना लागली आणि मग नऊ वर्षे आमच्याकडेच राहिली. भाताच्या खळ्यावर तिची राखण असे आणि रानडुकरे शिवारात उतरली की सगळ्यांच्या आधी तिला चाहूल लागे. दोन वेळा तिला पिल्ले झाली. एका उन्हाळ्यात तिच्या अंगावरच्या गोचिडी काढताना मागच्या पायाजवळच्या स्तनात माझ्या बोटांना हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी दुधाची गाठ असेल, जिरून जाईल, असे सांगितले. आम्हीही ते खरे मानले, कारण सोनी नेहमीसारखी खात होती, धावत होती. सात महिन्यांत ती गाठ मोठ्या लिंबाएवढी झाली, वरची कातडी फुटली आणि माश्या बसू लागल्या, तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. मी त्या डॉक्टरांना विचारले की ही गाठ कसली होती. ते म्हणाले, "बाई, कुठे पाठवणार, आणि पाठवून तरी काय करणार?" माझ्या डोळ्यांदेखत ती गाठ कापसाच्या बोळ्यांबरोबर बादलीत गेली. चार महिन्यांनी सोनीला खोकला सुरू झाला. सीमेपलीकडे नेऊन छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा दोन्ही फुप्फुसांत गोल ठिपके दिसले. त्यानंतर ती अठरा दिवस जगली.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनात गाठ निघाली होती. बेळगावातच त्यांच्यावर उपचार झाले. त्यांची गाठ आधी सुईने आणि मग शस्त्रक्रियेने काढून बाटलीत घातली गेली, बाटलीवर नाव आणि क्रमांक लिहिला गेला, काही दिवसांत अहवाल आला आणि त्या अहवालावरून पुढची औषधे ठरली. आज त्या शेतात भांगलणीला जातात. सोनी गेली त्या दिवशी त्या ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "माझी गाठ बाटलीत गेली आणि तिची बादलीत." हे पत्र लिहायला मी त्या वाक्यामुळेच बसले, त्यामुळे ते येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

यात कोणा डॉक्टरांवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या खात्याचे डॉक्टर कोणत्या परिस्थितीत काम करतात हे आम्ही २०२२ साली लंपीच्या साथीत पाहिले आहे. एकेका डॉक्टराकडे कितीतरी गावे होती आणि रात्री-अपरात्री गोठ्यांतून लसी टोचत ते फिरत होते. गाय, बैल, म्हैस यांवर शेतकऱ्याचे पोट चालते, म्हणून त्यांना प्राधान्य मिळते, आणि ते योग्यच आहे. पण गाठ बादलीत जाण्याचे कारण डॉक्टरांची अनास्था हे नव्हते. ती पाठवायला ठरलेली जागा नव्हती, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर येणारच नाही असा प्रश्न विचारणे माणूस हळूहळू सोडून देतो. ती जागा निर्माण करणे आपल्या हातात आहे.

त्या एका गाठीत काय काय होते याचा विचार करावा. कुत्रीच्या स्तनातील गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात आणि निम्म्या कर्करोगाच्या. हाताला लागणाऱ्या टणकपणावरून हा भेद सांगता येत नाही. त्यासाठी पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. कडेपर्यंत रोगाच्या पेशी आहेत का, म्हणजे शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली की काही भाग मागे राहिला, हेही त्यातूनच समजते. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेल्या गाठीनंतर कुत्री जास्त काळ जगते हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, म्हणून हरभऱ्याएवढी असतानाच गाठ काढणे आणि लिंबाएवढी होईपर्यंत थांबणे यांत आयुष्याचा फरक पडू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी छातीचा एक्स-रे काढावा, हेही मला सोनी गेल्यानंतर कळले. या गोष्टी आधी माहीत असत्या तर सोनी वाचलीच असती असे मी म्हणणार नाही. निदान काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आम्ही डोळे उघडे ठेवून ठरवले असते.

कुत्रीची नसबंदी लवकर केली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो, असे सगळीकडे सांगितले जाते. हा सल्ला मुख्यतः १९६९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासावर उभा आहे. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीत हा धोका नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत अर्धा टक्का इतकाच उरतो, एका माजानंतर केल्यास तो ८ टक्के होतो आणि दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के, असे त्यात दिसले होते. मी हे आकडे वाचले तेव्हा मला प्रथम अपराधी वाटले, कारण सोनीची नसबंदी आम्ही कधीच केली नव्हती. पुढे वाचनात आले की २०१२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही असा निष्कर्ष काढला. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी गोल्डन रिट्रिव्हर कुत्र्यांत असे दाखवले की लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे काही विकार आणि काही प्रकारचे कर्करोग वाढलेले दिसतात. म्हणजे एका जातीला जे लागू पडते ते दुसरीला लागू पडेलच असे नाही. मग खानापूरच्या जंगलकडेच्या गावठी कुत्रीला काय लागू पडते? तिचे खाणे निराळे, काम निराळे, पिल्लांची संख्या निराळी आणि रक्तही निराळे. हा प्रश्न अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही. तो येथील कुत्र्यांवरूनच सोडवावा लागेल, आणि त्यासाठी येथील गाठींची नोंद हवी.

नोंद हा शब्द रुक्ष वाटतो, पण कर्करोगाविषयीचे बरेचसे ज्ञान नोंदवह्यांतूनच आलेले आहे. आपल्या देशात माणसांच्या कर्करोगाची पहिली लोकसंख्येवर आधारित नोंद १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि १९८१ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कोणत्या भागात कोणता कर्करोग जास्त आहे हे आज सांगता येते ते त्यामुळेच. मुंबईची नोंद सुरू झाली त्याच १९६३ साली कॅलिफोर्नियातील दोन जिल्ह्यांत पाळीव प्राण्यांच्या गाठींची नोंद सुरू झाली होती. स्वित्झर्लंडने तर १९५५ पासून २००८ पर्यंतच्या, एक लाख वीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. तो देश आकाराने आपल्या कर्नाटकाच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रिव्हर कुत्र्यांचा जन्मभर पाठपुरावा करणारा अभ्यास चालू झाला. त्यात दरवर्षी रक्त तपासतात आणि कुत्रे काय खाते, कोठे झोपते, घरात कोणती रसायने वापरतात, हे सगळे मालकाला विचारतात. आपण एवढ्या मोठ्या खर्चाने सुरुवात करावी असे माझे म्हणणे नाही. पण त्या अभ्यासाचा पायाही शेवटी मालकाने मनापासून भरलेला कागद हाच आहे, आणि तेवढे आपणही करू शकतो.

माणसांनाच अजून वेळेवर उपचार मिळत नाहीत, मग कुत्र्यांच्या कर्करोगावर पैसा का घालावा, असा प्रश्न मला माझ्याच नातेवाइकांनी विचारला आहे. तो प्रश्न मी हलका मानत नाही, कारण कर्करोगाच्या बिलांनी शेती गहाण पडलेली घरे मी जवळून पाहिली आहेत. पण हे दोन विषय एकमेकांपासून तोडता येत नाहीत. प्रयोगशाळेत उंदराला कर्करोग मुद्दाम दिला जातो. कुत्र्याला तो माणसासारखाच आपोआप, वयाबरोबर होतो. कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपल्याच विहिरीचे पाणी पितो आणि आपल्याच चुलीचा धूर त्याच्या नाकात जातो. त्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असल्याने माणसांत कळायला पंधरा वर्षे लागतील अशी गोष्ट त्याच्यात दोन-तीन वर्षांत दिसते. त्याच्या लसिका ग्रंथींचा कर्करोग, ज्यात जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांमागे गाठी सुजतात, माणसातील त्याच वर्गाच्या आजाराशी इतका मिळताजुळता आहे की दोघांना औषधेही जवळजवळ तीच दिली जातात. बहुतेक कुत्र्यांत त्या औषधांनी गाठी पूर्ण ओसरतात आणि पुष्कळ कुत्री सुमारे वर्षभर चांगल्या अवस्थेत जगतात.

हाडाच्या कर्करोगाचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लहान मुलांना आणि वाढत्या वयाच्या तरुणांना होणारा हा आजार मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो. पाय न कापता फक्त रोगट हाड काढून पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेचा बराच अनुभव कोलोराडोतील पशुवैद्यकीय विद्यापीठात कुत्र्यांवर उपचार करताना मिळाला आणि तो पुढे मुलांच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडला. याच आजारावर २००९ साली युरोपात मान्यता मिळालेले मिफामुर्टाइड हे औषध त्याच्या कितीतरी वर्षे आधी हाडाचा कर्करोग झालेल्या पाळीव कुत्र्यांना देऊन पाहिलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली पाळीव प्राण्यांच्या कर्करोगाच्या तुलनात्मक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग काढला, तो माणसांचे उपचार सुधारण्यासाठीच. मिरजेला किंवा बेळगावला उपचार घेणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाचा पाय वाचला, तर त्यामागे कुठल्यातरी कुत्र्याच्या मालकाने दिलेली संमतीही असू शकते.

संमती हा शब्द मी मुद्दाम वापरला. कुत्र्यांवर संशोधन म्हटले की पिंजऱ्यातील प्रयोग डोळ्यांसमोर येतात, आणि तसा इतिहास आहेही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी डॉनल टॉमस यांना १९९० साली नोबेल मिळाले, त्या कामाचा मोठा भाग प्रयोगशाळेतील कुत्र्यांवर झाला होता. ज्या संशोधनासाठी मी आपणाकडे आले आहे ते तसे नाही. यात कोणत्याही निरोगी प्राण्याला आजार द्यायचा नाही. जो आजारी पडलाच आहे त्याच्यावर चांगल्यात चांगले उपचार करायचे, उपचारासाठी काढलेली गाठ तपासायची, मालकाला समजावून त्याची लेखी परवानगी घ्यायची, आणि त्याने नाही म्हटले तरी उपचारात कोणताही फरक करायचा नाही. ही अट पाळली गेली नाही तर या पत्राला माझा स्वतःचाच विरोध राहील.

आता आमच्या भागाविषयी, कारण हे संशोधन बेंगळुरूत बसून पूर्ण होणारे नाही. निपाणीच्या आसपास तंबाखू पिकते, वखारींत साठते आणि कित्येक घरांत बायका दिवसभर विड्या वळतात. कुत्रा त्याच घरात, त्याच तंबाखूच्या धुळीत झोपतो. ज्यांच्या घरात तंबाखूचा धूर असतो त्या लांब नाकाच्या कुत्र्यांत नाकाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसतो, असे १९९८ साली कोलोराडोतील एका अभ्यासात आढळले होते. धूर आणि धूळ एक नव्हे, म्हणून तो निष्कर्ष उचलून निपाणीला चिकटवता येणार नाही. पण विडी कामगारांच्या घरांतील कुत्र्यांच्या नाकातून रक्त येते का, किती कुत्र्यांच्या येते आणि कोणत्या वयात येते, एवढी माहिती जरी दोन वर्षे गोळा झाली तरी त्या घरांतील बायका-मुलांच्या आरोग्याविषयीही काही बोलता येईल. चिकोडी, रायबाग, अथणी आणि हुक्केरी हा उसाचा पट्टा आहे. उसात तण मारण्यासाठी जी औषधे फवारतात त्यांत २,४-डी हे नेहमीचे नाव आहे. त्याच गटातील तणनाशके मारलेल्या हिरवळीवर फिरणाऱ्या स्कॉटिश टेरिअर कुत्र्यांत मूत्राशयाचा कर्करोग जास्त आढळतो, असे २००४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. आमची कुत्री फवारणीच्या दिवशीही सरीतून मालकामागे चालतात आणि घरी येऊन स्वतःचे पाय चाटतात. कारखाने, शेतकरी किंवा औषध कंपन्या यांच्यापैकी कोणाविरुद्ध मी आज काही सिद्ध करू पाहत नाही. माझे सांगणे इतकेच आहे की कुत्रा येथे जमिनीच्या सर्वांत जवळ राहतो आणि त्याला काय होते हे पाहण्याची व्यवस्था आपल्याकडे असली पाहिजे.

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या कुत्र्याचा उल्लेख मी आपणापुढे करावा असे नाही, कारण तिम्मापूरचे श्वान संशोधन केंद्र आपल्याच विद्यापीठाचे आहे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात, जिला सीमेच्या दोन्ही बाजूंचे मराठी लोक कारवान म्हणूनही ओळखतात, २००५ साली टपाल तिकिटावर आली आणि २०१६ साली लष्कराने प्रशिक्षणासाठी घेतली. तिचा आम्हांला अभिमान आहे. ग्रेहाउंड, डीअरहाउंड अशा त्याच बांध्याच्या, लांब पायांच्या विदेशी शिकारी जातींत हाडाचा कर्करोग वारंवार आढळतो. मुधोळच्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण काय आहे, हा प्रश्न जगात कोणी विचारायचा असेल तर तो आपल्याच विद्यापीठाने विचारायचा आहे. कुत्र्याच्या संपूर्ण जनुकसंचाची पहिली मांडणी २००५ साली एका बॉक्सर कुत्रीवरून प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर जातीजातींतील कर्करोगाचे अनुवंशिक धागे शोधले जाऊ लागले. मुधोळच्या कुत्र्यांच्या वंशावळी आणि त्यांच्या मृत्यूची कारणे एकाच वहीत आली तर पैदाशीसाठी कोणता नर टाळावा हे पुढच्या पिढीच्या पाळणाऱ्यांना सांगता येईल. पाय लंगडणारा मोठा कुत्रा मुरगळला म्हणून महिनाभर तेल चोळत ठेवला जातो, ही चूक मी चिकोडीच्या बाजूला एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी सूज असेल तर पहिला एक्स-रे वेळेवर निघणे फार मोलाचे असते.

एका आजाराविषयी मात्र आशेने लिहिता येते. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ बेळगावच्या कोणत्याही गल्लीत पाहायला मिळते. हा कर्करोग विषाणूने पसरत नाही. एका कुत्र्याच्या कर्करोगाच्या जिवंत पेशीच समागमातून किंवा चाटण्यातून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. १८७६ साली नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली, आणि २०१९ साली ४३ देशांतील ५४६ गाठी तपासून शास्त्रज्ञांनी असा अंदाज बांधला की ही पेशींची एकच परंपरा ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातील एका कुत्र्यात सुरू झाली आणि आजपर्यंत जिवंत आहे. हजारो वर्षांचा हा आजार आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनच्या चार ते सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो. आणि व्हिन्क्रिस्टिन मिळते ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांनाही हेच औषध देतात. मी शाळेच्या बागेत मुलांकडून सदाफुली लावून घेत असे, तेव्हा मला यातले काहीच माहीत नव्हते. माहीत असते तर त्यांना सांगितले असते.

हा आजार मोजण्याची सोय आपल्याकडे तयारच आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार महापालिका आणि नगरपालिका भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात. प्रत्येक कुत्रा तेव्हा टेबलावर, भुलीखाली असतो. त्याच वेळी त्याचे जननेंद्रिय, स्तन आणि ग्रंथी तपासून तीन रकाने भरले तर किती कुत्र्यांत किती गाठी आहेत हे एका वर्षात समजेल, आणि ज्यांना सांसर्गिक गाठ आहे त्यांना सोडण्यापूर्वी उपचार देता येतील. यासाठी नवी इमारत लागत नाही.

बाकीच्या कामासाठीही फार लागणार नाही, असे मला डॉक्टरांशी बोलून समजले. गाठीच्या दसपट भरेल इतके दहा टक्क्यांचे फॉर्मॅलिन (गाठ न कुजता टिकवणारे द्रावण), रुंद तोंडाची घट्ट झाकणाची बाटली, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. फॉर्मॅलिनमधील गाठ बर्फात ठेवावी लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यातून ती बसच्या पार्सलनेही जाऊ शकते. अथणी येथे आपल्या विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या गाठी तेथे तपासल्या जाव्यात आणि विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयावर काम करण्यास उत्तेजन मिळावे. अहवाल मालकाला आणि डॉक्टराला, दोघांनाही मिळाला पाहिजे, कारण अहवाल परत आला नाही तर पुढची गाठ कोणी पाठवणार नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षाने मालकाला एक फोन जावा आणि कुत्रा आहे की गेला एवढे विचारले जावे. संशोधनाला सर्वांत मोलाची माहिती त्या फोनवरून मिळेल.

मालकाने भरायचा कागद कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावा, ही विनंती मी आग्रहाने करते. भाषेचा वाद मी या पत्रात आणू इच्छित नाही. पण कुत्र्याला कधीपासून खोकला आहे, शेतात काय फवारले, माज कधी आला होता, या गोष्टी माणूस स्वतःच्या भाषेतच नीट सांगतो, आणि चुकीची भरलेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा अधिक घातक असते. आमच्याकडील माणसे कुत्र्याला घेऊन कोल्हापूरला जातात, मिरजेला जातात. सीमा ओलांडली की येथील नोंद तुटते. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे, बेळगाव-कोल्हापूरवरून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावरच, महाराष्ट्राचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्याशी नोंदींची देवाणघेवाण करण्याचा करार आपण करावा. बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, माणसांच्या कर्करोगावर उपचार करणारी रुग्णालये आहेत. कुत्र्यांच्या नोंदी तालुकावार तयार झाल्या की त्या माणसांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहण्याची विनंती त्यांनाही करता येईल.

आम्हा कुत्रे पाळणाऱ्यांकडेही यातले काम आहे, आणि ते मी टाळत नाही. महिन्यातून एकदा कुत्र्याला आडवे झोपवून जबड्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा, लागलेली गाठ तारखेसह वहीत लिहावी, महिनाभरात वाढली तर थांबू नये. कुत्रा गेल्यावर शवविच्छेदनाला परवानगी देणे जड जाते, हे मी जाणते. सोनीच्या वेळी मला कोणी विचारले असते तर मी त्या दिवशी कदाचित नकार दिला असता. आज देणार नाही. आमच्या तालुक्यातील अकरा घरांनी आपल्या कुत्र्यांची माहिती द्यायची तयारी दाखवली आहे, आणि विद्यापीठाने सांगितल्यास ते कागद घरोघर जाऊन भरून घेण्याचे काम मी करीन. मुलांचे दाखले भरण्यात माझी हयात गेली आहे.

आमच्या वस्तीपासून दोन घरे सोडून एक आठ वर्षांची कुत्री आहे. तिच्या चौथ्या स्तनात आवळ्याएवढी गाठ आहे आणि भाताची लावण उरकली की शस्त्रक्रिया करायची, असे तिच्या मालकांनी ठरवले आहे. फॉर्मॅलिनची बाटली डॉक्टरांकडे आणून ठेवली आहे आणि त्यांनी ती वापरण्याचे मान्य केले आहे. ती कोणत्या पत्त्यावर पाठवायची, एवढे आपण लावणीपूर्वी कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव